एकच बॅटरी, चार नियम

माझे काम निर्यातीच्या कागदपत्रांचे असल्यामुळे पुण्यातल्या कोथरूड-कर्वेनगर भागातल्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न मला सतत विचारला जातो. "दादा, मुलगा जर्मनीत शिकतोय, त्याची इलेक्ट्रिक स्कूटर विमानाने पाठवता येईल का?" येते, पण उत्तर स्कूटरच्या आकारावर किंवा किमतीवर अवलंबून नसते. बॅटरी केवढी आहे आणि ती कोणत्या रूपात विमानात चढते, यावर ते ठरते.

उभ्याने चालवायच्या स्कूटरच्या तळाशी एक छोटे लेबल असते. त्यावर 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवर असे छापलेले असेल, तर गुणाकार करून 360 वॅट-अवर हा आकडा, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, मिळते. प्रवाशाच्या सामानासाठी 100 वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे दार बंद होते. त्यामुळे ही स्कूटर मुलाने बॅगेसोबत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय बॅटरी लहान असली, तरी अशी वाहने सामानात घेण्यास अनेक कंपन्या सरसकट नकार देतात.

हीच बॅटरी स्कूटरमध्ये पक्की बसवलेली असताना माल म्हणून पाठवली, तर ती नवव्या, म्हणजे 'इतर धोके' या वर्गातला धोकादायक माल ठरते. पूर्वी अशा वाहनांना संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतला यूएन 3171 हा क्रमांक होता. 2025 पासून लिथियम-आयन बॅटरीवरच्या वाहनांसाठी यूएन 3556 हा स्वतंत्र क्रमांक आला. 2026 पासून 100 वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी असलेल्या वाहनात चार्ज 30 टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. स्कूटरवरच्या चार्ज-दर्शकावरून पाहायचे असल्यास तिथे 25 टक्क्यांहून अधिक दिसता कामा नये. खोक्यात मावावी म्हणून बॅटरी काढून शेजारी ठेवली, की ती वस्तू 'वाहन' राहत नाही, तिला यूएन 3481 लागू होतो आणि कागदपत्रे बदलतात. बॅटरी एकटीच पाठवायची म्हटली, तर 1 एप्रिल 2016 पासून ती प्रवासी विमानातून माल म्हणून जाऊच शकत नाही.

हा काटेकोरपणा लोकांना जाचक वाटतो, मला तो योग्य वाटतो. लिथियमचा एक सेल बिघडून तापू लागला, की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन हा आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली रासायनिक क्रिया थांबवू शकत नाही. चार्ज कमी असेल, तर त्या क्रियेला बळही कमी मिळते. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईजवळ यूपीएस या कुरिअर कंपनीचे मालवाहू बोइंग 747 कोसळले, तेव्हा आग लागलेल्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. फुगलेली, आपटलेली किंवा कंपनीने सदोष म्हणून परत मागवलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास बंदी आहे, ती याच कारणाने.

चौथे रूप मात्र वेगळे आहे आणि त्याची माहिती फार थोड्या घरांत असते. इलेक्ट्रिक व्हीलचेअर ही चालता न येणाऱ्या माणसाची गरज असल्यामुळे 160 वॅट-अवरची मर्यादा तिला तशीच लावली जात नाही. घडीच्या खुर्चीची बॅटरी काढायची असेल, तर ती 300 वॅट-अवरपर्यंत, विद्युत टोके झाकून, प्रवाशाने केबिनमध्ये सोबत ठेवायची असते. बॅटरी खुर्चीतच सुरक्षित आणि पक्की बसवलेली असेल, तर त्याहून मोठीही खुर्चीसकट मालकक्षातून जाऊ शकते. दोन्ही बाबतींत विमान कंपनीची पूर्वसंमती आवश्यक असते. स्कूटरसाठी माझा वेळ घ्यावा, त्याची हरकत नाही. पण खुर्ची अडवतील या भीतीने आजोबांना लग्नाला न्यायचेच नाही, असे कोणी ठरवले की मला फार वाईट वाटते. तिकीट काढतानाच बॅटरीचा प्रकार, वॅट-अवर आणि खुर्चीचे वजन लेखी कळवावे, आलेले उत्तर छापून घ्यावे आणि लोहगाव विमानतळावर काउंटरवर खुर्चीच्या माहितीपुस्तिकेसह ते दाखवावे.