बोंतोक-लागावेहून स्नानसंस्काराचा दाखला मिळवताना

मी वसई धर्मप्रांतातला (बिशपांच्या अखत्यारीतला विभाग) कॅथलिक, होणारी बायको फिलिपिन्सच्या इफुगाओ प्रांतातली, लग्न दुबईत. अशा लग्नात खरा वेळ खातो तो तिकडचा स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला.

इफुगाओ आणि माउंटन प्रॉव्हिन्स हे डोंगराळ प्रांत बोंतोक-लागावे अपोस्टोलिक व्हिकॅरिएटमध्ये येतात. अजून धर्मप्रांत न झालेलं हे मिशनक्षेत्र. इथले बिशप पोपच्या नावाने कारभार पाहतात. १९९२ पूर्वी ते मोठ्या माउंटन प्रॉव्हिन्स व्हिकॅरिएटचा भाग होतं, म्हणून जुन्या कागदांवर ते नाव दिसतं. त्याने काही अडत नाही, कारण मूळ नोंदवही धर्मग्रामातच (एका चर्चखालचा विभाग, पॅरिश) असते.

अडतं ते धर्मग्राम कुठलं, इथे. भातखाचरांच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत छोटी चॅपलं असतात, नोंद मात्र फादर ज्या केंद्रातून यायचे तिथल्या वहीत. पुढे नवं धर्मग्राम झालं तरी जुनी वही मूळ धर्मग्रामाकडेच सापडते. त्यामुळे नुसतं गाव कळवून भागत नाही. अंदाजे वर्ष, आईवडील आणि धर्ममातापित्यांची नावं आधी घरच्यांकडून काढून घ्या.

नावांचा घोळ हमखास होतो. तिथल्या डोंगरी लोकांत पूर्वी एकच नाव असे, आडनावं नंतर आली. वहीतलं नाव आणि सरकारी जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नसेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

बोंतोक-सगाडा भागातलं माणूस असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिथे अँग्लिकन मिशनही जुनं आहे. त्यांच्याकडचा स्नानसंस्कार ग्राह्य असतो, पण व्यक्ती त्याच चर्चची असेल तर मिश्रविवाहाची (कॅथलिक आणि दुसऱ्या चर्चच्या ख्रिस्ती व्यक्तीच्या लग्नाची) परवानगी लागते.

दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा आणि त्यावर 'विवाहासाठी' असा शेरा हवा. वहीच्या समासातल्या नोंदी उतरवून द्यायला आवर्जून सांगा, कारण आधीचं लग्न झालं असेल तर ते तिथेच कळतं. समास कोरा असेल, तर तसंही लिहून घ्या. घरातलं कुणी जाणार असेल तर त्यांच्याकडे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत द्या. व्हिकॅरिएटच्या कचेरीचा शिक्का लागतो का, हे दुबईतल्या फादरांना आधीच विचारा. नाहीतर तोच डोंगररस्ता पुन्हा करावा लागतो. वादळी पावसात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच करावा. आधी स्कॅन मागवा, नावं तपासा, मगच मूळ प्रत कुरियरने.

लग्नानंतर दुबईहून दोन्ही मूळ धर्मग्रामांना कळवलं जातं. इफुगाओतल्या वहीत ती नोंद चढली का, हे घरच्यांकडून पाहून घ्या.