शेळीपालन आणि इतर बालसाहित्य

विकत घेतलेल्या पुस्तकाला घरात मान असतो, पण त्याचा जाचही असतो. चारशे रुपये मोजलेत, आता वाच! पोरगं तिसऱ्या पानावर अडलं की आपला जीव वरखाली. वाचनालयाच्या पुस्तकाचं तसं नाही. नाही आवडलं? शनिवारी बदलून आणू. मुलांना वाचनालयात न्यायचं माझं खरं कारण एवढंच. ‘वाचनसंस्कार’ वगैरे ऐकलं की मला उगीच ताठ बसावंसं वाटतं.

आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढलं की आधी पेपरांची खोली. वर्गणी लागते ती पुस्तक घरी न्यायला. पेपर कुणीही येऊन वाचावा. त्यामुळे आजोबामंडळी सकाळपासून ठाण मांडून असतात. त्यांना घरी पेपर वाचू देत नाहीत, असं धाकटीचं मत आहे. एखाद्याच्या बाबतीत ते खरंही असेल. थोरल्याला वेगळीच काळजी. दारावरच्या पाटीवर ‘ब वर्ग’ लिहिलंय, तर ‘अ’ का नाही मिळाला? 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर आलेली अ, ब, क, ड ही वर्गवारी आणि त्यावर ठरणारं अनुदान त्याला समजावायला गेले, तर म्हणाला, “म्हणजे मार्क कमी पडले.”

बालविभाग म्हणजे खिडकीशी दोन कपाटं आणि एक सतरंजी. पुस्तकं बहुतेक खाकी कव्हरातली, त्यामुळे चित्र बघून निवडायची सोय नाही. धाकटी सरळ शेवटचं पान उघडते. तिथे तारखांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर जांभळे शिक्के, एकावर एक, काही चक्क उलटे. शिक्के जास्त ते पुस्तक चांगलं, हा तिचा हिशेब. “शिक्के जास्त म्हणजे पुस्तक जुनं,” असं थोरल्यानं सांगून पाहिलं. तर म्हणे, “जुनं असून कुणी नेलंच नाही, तर शिक्के कसे पडतील?” यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

हा नियम तिनं एकदाच गुंडाळून ठेवला. मोठ्यांच्या कपाटातून ती शेळीपालनाचं पुस्तक घेऊन आली. आत करडांचे फोटो, शेवटचा कागद जवळजवळ कोरा. मी ते परत ठेवायला निघाले, तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “नेऊ द्या हो. कुणीतरी नेतंय हेच खूप.” आणि धाडकन शिक्का मारला. ग्रंथालयशास्त्रातले थोर रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक म्हणजे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. पाच वर्षांची मुलगी आणि शेळीपालन ही जोडी काही त्यांच्या डोळ्यांसमोर नसेल, पण सूत्र बरोबर लागू पडलं. पुढचा आठवडाभर आमच्याकडे उस्मानाबादी आणि संगमनेरी याशिवाय विषय नव्हता. उस्मानाबादी बहुतेक काळी असते, एवढं कळल्यावर बाजारातली प्रत्येक काळी शेळी उस्मानाबादी ठरली.

पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालं. अशा जुन्या वाचनालयांच्या संस्थापकांनी सतरंजीवर पालथं पडून वाचणाऱ्या पोरांचा विचार केला असेल असं वाटत नाही. आता मात्र ताई शांततेच्या पाटीखाली बसून खुशाल त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात.

मध्यंतरी थोरल्यानं एक जाडजूड साहसकथा अर्धीच परत केली. ताईंनी विचारलं, “कशी होती रे?”

“बोअर.”

“मलाही झाली होती. त्या शेवटच्या रांगेत बघ, बारीक पुस्तकं आहेत.”

ती कादंबरी मीच आग्रहानं काढून दिली होती. लहानपणी मी तिची पारायणं केली होती. दोघांपुढे काही बोलले नाही. माझ्या कार्डावर घेऊन आले आहे.