आपण खात नाही ती काकडी

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. तुमच्याआधी बेळगावच्या नातेवाइकांनी आणि नाशिक-सांगलीच्या शेतकरी मित्रांनीही हेच विचारले होते. ज्या काकडीला आपल्या बाजारात गिऱ्हाईक नाही, ती गर्किन, म्हणजे लोणच्याची छोटी काकडी, तुम्ही कंपनीवाले कर्नाटकातल्या हावेरीच्या शेतकऱ्यांच्या गळ्यात का घालता? प्रत्येक वेळी मी थोडक्यात उत्तर दिले आणि प्रत्येक वेळी ते अपुरे वाटले.

आमची कंपनी शेतकऱ्याशी करार करते, बियाणे उधारीवर देते आणि पेरणीआधीच भाव ठरवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात थोड्या प्रमाणावर सुरू झालेल्या या पिकाची निर्यात 2020-21 मध्ये 2,23,515 टनांवर आणि 22 कोटी डॉलरच्या पुढे गेली. खाऱ्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेली ही काकडी अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, रशिया अशा वीसहून अधिक देशांत जाते. त्यातली बरीचशी ड्रममधून जाते आणि तिकडे बरणीत भरून तिकडच्याच नावाने विकली जाते, हे मलाही खुपते. पण ‘आपण खात नाही’ हा दोषच आहे, असे मी मानत नाही. कांदा आपण रोज खातो आणि म्हणूनच डिसेंबर 2023 मध्ये त्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 पर्यंत उघडली नाही. त्या महिन्यांत नाशिकच्या मित्रांचे काय झाले, हे त्यांनीच मला सांगितले आहे. गर्किनची निर्यात मात्र शहरातल्या ग्राहकासाठी कोणतेही सरकार रोखणार नाही. नव्वद दिवसांचे, बोअरच्या थोड्या पाण्यावर येणारे आणि घरच्या माणसांच्या हातांना रोज काम देणारे दुसरे पीक अर्ध्या एकरवाल्याला कोण सुचवतो?

इथपर्यंत मी ठाम असतो. यापुढचे मी आजवर टाळत आलो.

या काकडीचा भाव तिच्या आकारावर असतो. एका किलोत 160 हून अधिक बसतील इतकी कोवळी असेल तर सर्वांत चांगला भाव मिळतो, आणि किलोत तीस-चाळीसच बसू लागली की तो कित्येक पटींनी उतरतो. फळ एका रात्रीत एक प्रत, म्हणजे आकाराचा एक वर्ग, ओलांडते, म्हणून तोडणी रोज करावी लागते. एका पावसाळ्यात सलग तीन दिवस झड लागली. काळ्या रानात पाय ठेवता येईना आणि गावातल्या संकलन केंद्रापर्यंत आमची गाडीही पोहोचेना. चौथ्या दिवशी ऊन पडल्यावर एका विधवा बाईंनी दोन सुनांना घेऊन अंधार असतानाच तोडणी केली आणि पोती केंद्रावर आणली. त्याच सकाळी मला कार्यालयातून निरोप आला होता की परदेशी खरेदीदाराला बरणीत भरायचा लहान मालच हवा आहे, त्यामुळे सर्वांत मोठी प्रत या आठवड्यात घ्यायची नाही. पोत्यांमध्ये बहुतेक तीच होती. मी निरोप सांगितला. त्यांनी आवाज न चढवता कन्नडमध्ये विचारले, “साहेब, परवापर्यंत ही काकडी तुमची होती ना? मग आज ती माझी कशी झाली?” मी करारातल्या प्रतींचे कलम वाचून दाखवले. ते कलम खरे होते आणि त्यांचा प्रश्नही खरा होता. त्यांनी पोती राणेबेन्नूरच्या बाजारात नेली, तिथे एकाही दलालाने बोली लावली नाही. शेवटी ती काकडी म्हशींपुढे पडली, आणि हंगामाच्या हिशेबात बियाण्याचे व खताचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे कापले गेले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गावोगावच्या बैठकांत सांगत असे की भाव आधीच ठरलेला आहे, मग भीती कशाची? त्या तरुण अधिकाऱ्याशी मी आता मनातल्या मनात भांडतो. भाव ठरलेला होता, पण त्या भावाने किती काकडी उचलायची हे कोणीच ठरवले नव्हते. कांदा कवडीमोलाने का होईना, लासलगावात विकता येतो. गर्किनला एकच दार असते, आणि त्याची कडी बाहेरून लागते. तुमच्या प्रश्नातला खरा भाग हा आहे, हे मी मान्य करतो. तरीही तो अधिकारी मला उलट विचारतो की मक्याचा भाव पडतो तेव्हा त्या बाईंना कोण वाचवते? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

पावसात गाडी पोहोचली नाही तर त्या दिवसांच्या मोठ्या प्रतीला किमान भाव द्यावा, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले. खरेदीदार पावसाचे पैसे देत नाही, असे उत्तर आले. पुढच्या हंगामातही मी ते पुन्हा मांडले.

त्या बाईंनी त्याच वर्षी पुन्हा अर्धा एकर गर्किन लावली. तुमच्यासमोर पुरावा म्हणून ही गोष्ट मांडण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण त्यांच्या नावावर मागची बाकी होती, आणि नवे बियाणे उधारीवर देणारे दुसरे कोणी त्या गावात येत नव्हते.