निळ्या चित्राचा डी

चित्रांच्या गॅलरीतल्या हेवी मेटल संगीताच्या रात्री म्हटलं की मला आधी आठवतो तो कार्यक्रमापूर्वीचा तास. गिटारवाला सगळ्यात जाड तार ईवरून डीवर उतरवायचा आणि एकेक स्वर लांबवत वाजवायचा. आम्ही मंडळाची पाचसहा जणं भिंतीला लागून, चित्रांच्या चौकटींवर तळहात ठेवून उभे. कुठली चौकट किणकिणते ते शोधायचं असे. तो खालचा डी, ७३ हर्ट्‌झच्या आसपासचा, वाजला की डाव्या भिंतीवरचं एक निळं चित्र हमखास थरथरायचं. मग त्याच्या मागे फेल्टचे तुकडे सरकवायचे. "आता?" "अजून थोडं." "आता?" "बास, गप्प झालं."

वर्षातून एकदाच व्हायचं हे. गॅलरी म्हणजे एकच खोली, त्यात स्टेज नाही. ड्रमसेट पुढे सरकू नये म्हणून खाली जुना गालिचा, पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रममध्ये उशी. उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, त्यामुळे सिंबल जपून वाजवावे लागत आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपचं तोंड जरा तिरकं ठेवावं लागे. दाराशी इअरप्लगची टोपली घेऊन मी. ८५ डेसिबल आवाजात आठ तास बसलं तर चालतं, पण पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते आणि शंभरावर जेमतेम १५ मिनिटं उरतात. येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचं आणि त्याने प्लग उचलेपर्यंत टोपली हलवायची नाही.

नव्या मुलांना ब्लॅक सबाथ या मेटल बँडच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची, गोष्ट सांगायचं काम आमच्या एका ज्येष्ठ सभासदाकडे. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. १९७० च्या फेब्रुवारीत ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला. ही गोष्ट ऐकून झाल्यावर मुलं गिटारवाल्याच्या बोटांकडे वेगळ्याच नजरेने बघायची. मला ते फार आवडायचं.

गाणी सुरू झाली की मधोमध धक्काबुक्की. पण कडेचे लोक हातात हात गुंफून, चित्रांकडे पाठ करून उभे राहत. कुणी पडलं की चार हात लगेच खाली जात. हे कुणी शिकवावं लागलं नाही.

एका वर्षी ऐन गाण्यात वीज गेली. गिटार, बेस, माइक, सगळं एका क्षणात गप्प. ड्रमर मात्र थांबला नाही, आणि गायकही नाही. तेव्हा आम्हाला कळलं की मेटल गायकाची ती एवढी गुरगुर माइकशिवाय किती लहान असते. बोलण्याच्या आवाजापेक्षा फार मोठी नाहीच. म्हणूनच गायक माइक ओठांना चिकटवून धरायचा! ड्रमरने हात हलके केले. मगाशी एकमेकांवर आदळणारी माणसं श्वास रोखून उभी राहिली, कुणाची चप्पलसुद्धा वाजली नाही. अंधारात तो आवाज खरखरीत, जवळचा आणि इतका उघडा वाटला की माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. इतक्या वर्षांत मी ऐकलेलं सर्वांत सुंदर गाणं तेच.

वीज आली तरी अँपमधले व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागला. ड्रमरने तेवढं तोलून धरलं. मग गिटार समेवर उतरली, आणि निळं चित्र किणकिणायला लागलं. अंधारात कुणाचा तरी धक्का लागून फेल्ट निसटलं असणार. मी टोपली खाली ठेवली आणि चौकटीवर तळहात टेकवला. चौकट गप्प झाली, पण तो डी लाकडातून मनगटात आणि तिथून कोपरापर्यंत चढत राहिला. गाणं संपेपर्यंत मी हात काढला नाही.