परतीचा नियम

डोंबिवली पूर्वेला फडके रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत माझे सहलींच्या आरक्षणाचे छोटे कार्यालय आहे. या व्यवसायात मला एकोणीस वर्षे झाली, तरी बुधवार, १ डिसेंबर २०२१ हा दिवस मला तासातासाने आठवतो. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत एका कुटुंबाची उरलेली रक्कम मॉरिशसच्या हॉटेलकडे पाठवायची की थांबवायची, याचा निर्णय व्हायचा होता, आणि त्या कुटुंबातल्या आजी म्हणजे आठवी ते दहावी मला मराठी शिकवणाऱ्या माझ्या बाई होत्या.

बाईंना मॉरिशसच का हवे होते, हे सांगितल्याशिवाय त्या दिवसाचा ताण कळायचा नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी जी माणसे तिकडे गेली, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग ज्यात येत असे त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलीसुद्धा. त्यांच्या वंशजांनी गणपती सोडला नाही; गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईंना परदेशातला तो एकच देश पाहायचा होता. त्यांचे पहिले आरक्षण एप्रिल २०२० चे होते. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली आणि त्यांचे पैसे एका मोठ्या सहल कंपनीकडे चौदा महिने अडकून पडले. ते हप्त्याहप्त्याने परत आले, पण त्या काळात बाईंना दर महिन्याला फोन करून ‘अजून नाही’ असे सांगणे मला फार जड गेले.

१ ऑक्टोबर २०२१ ला मॉरिशसने लस घेतलेल्या पर्यटकांसाठी विलगीकरणाची अट काढली, तेव्हा मीच आपण होऊन बाईंना फोन केला. दीड वर्ष कार्यालयात धंदा नव्हता, दोन मुलींना मला कामावरून कमी करावे लागले होते, आणि एखादा देश उघडल्याची बातमी आली की हात आपोआप फोनकडे जात असे. बाई, त्यांचे यजमान म्हणजे काका, त्यांची मुलगी म्हणजे ताई आणि नऊ वर्षांचा नातू अशा चौघांची ११ ते १७ डिसेंबरची सहल ठरली. एकूण खर्च ३ लाख २० हजार. त्यातले निम्मे ऑक्टोबरमध्येच भरले आणि परदेशी सहलीवर २०२० च्या ऑक्टोबरपासून लागू झालेला ५ टक्के टीसीएसही (विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ घेऊन सरकारला भरायचा कर) त्याच वेळी घेतला. जातानाचे नियम मी बारकाईने वाचले होते: लसीचे प्रमाणपत्र, बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल, हॉटेलचे आरक्षण. परत येतानाचे नियम मात्र मी केवळ त्या दिवशी होते तेवढेच पाहिले होते. ते मधल्या काळात बदलले तर काय, हा प्रश्न मी बाईंपुढे ठेवला नाही, आणि ही चूक माझी होती.

२६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन हा चिंताजनक प्रकार असल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारने ज्या देशांना जोखमीचे ठरवले, त्यांत युरोपातील देश, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर यांच्याबरोबर मॉरिशसही होता. १ डिसेंबरपासून अशा देशांतून येणाऱ्यांची विमानतळावर चाचणी, अहवाल येईपर्यंत तिथेच थांबणे, अहवाल निगेटिव्ह आला तरी सात दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, असा नियम झाला. एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित सहल पुढे रेटली असती. परंतु ३० नोव्हेंबरला राज्य सरकारचा स्वतंत्र आदेश निघाला: जोखमीच्या देशांतून महाराष्ट्रात येणाऱ्यांना सात दिवस सक्तीचे संस्थात्मक विलगीकरण, आणि दुसऱ्या, चौथ्या व सातव्या दिवशी चाचणी. तो आदेश मी रात्री साडेदहाला फोनवर वाचला, आणि नंतर झोप लागली नाही.

सकाळी साडेअकराला बाई, काका आणि ताई कार्यालयात आल्या. नातवाला शेजारी ठेवले होते. मी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून एका बाजूला ‘जाताना’ आणि दुसऱ्या बाजूला ‘परतताना’ असे लिहिले आणि एकेक नियम मांडत गेले. पहिली बाजू चार ओळींत संपली. दुसऱ्या बाजूला ‘सात दिवस संस्थात्मक विलगिकरण, हॉटेल स्वखर्चाने’ असे मी लिहिले, तेव्हा बाईंनी माझ्या हातातून पेन घेतले, ‘गि’चा ‘गी’ केला आणि पेन परत माझ्यापुढे ठेवले. त्यानंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची नजर त्या ओळीवरून हलत नव्हती.

“म्हणजे सतराला उतरायचं आणि चोवीसला घरी?” ताईंनी विचारले. त्या बँकेत होत्या आणि त्यांची रजा वीस तारखेपर्यंतच मंजूर होती. शिवाय मुलाची शाळा दीड वर्षाहून अधिक काळाने उघडण्याच्या बेतात होती.

“आणि ह्याला कुठे ठेवतील?” काकांनी नातवाबद्दल विचारले. “आईबरोबर, की वेगळा?”

याचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि तसे मी सांगितले. विम्याची पॉलिसी मी रात्रीच पुन्हा वाचली होती. कोविड झाल्यास रुग्णालयाचा खर्च तीत होता, पण सरकारी आदेशाने घडलेल्या मुक्कामाचा खर्च नव्हता. याहून मोठी अडचण ‘एअर बबल’ची होती. नियमित आंतरराष्ट्रीय विमाने तेव्हाही बंदच होती. दोन देशांनी आपसात केलेल्या व्यवस्थेनुसार ठरावीक विमाने तेवढी उडत असत. एरवी एखादे विमान रद्द झाले तर आम्ही प्रवाशाला दुबईमार्गे किंवा आणखी कुठून वळवून आणतो. बबलमध्ये ती मोकळीक जवळपास नव्हतीच. तिकडे चौघांपैकी एकाची चाचणी जरी पॉझिटिव्ह आली असती, तरी त्याला तिथेच थांबवून बाकीच्यांनी परतायचे की सगळ्यांनी थांबायचे, हा निर्णय त्या कुटुंबाला परक्या देशात, हाताशी पुरेशी विमाने नसताना घ्यावा लागला असता.

ताईंचे म्हणणे होते की पंधरा डिसेंबरपासून नियमित विमाने सुरू व्हायची आहेत, तर परतीला वाट निघेल. तशी घोषणा २६ नोव्हेंबरला झालीही होती. आम्ही दुपारपर्यंत थांबायचे ठरवले, त्या घरी गेल्या, आणि दुपारीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पंधरा तारखेचा निर्णय पुढे ढकलल्याचे जाहीर केले. पुढची तारीख दिलेली नव्हती. ती बातमी वाचल्यावर माझ्या मनातली शंका उरली नाही. मी बाईंना फोन केला आणि जे सांगायचे ते सरळ सांगितले: “बाई, तुम्ही जाऊ नका. पैसे मी आज भरले तर परत मिळणार नाहीत. आज थांबवले तर निम्मे पैसे हॉटेल वर्षभर जमा ठेवेल आणि तिकिटांची तारीख एकदा बदलून मिळेल.”

“तुझं नुकसान किती?” बाईंनी विचारले.

त्या वर्षातली ती माझी सर्वांत मोठी विक्री होती. मी आकडा सांगितला नाही. हॉटेलच्या प्रतिनिधीशी चार वेळा बोलून, वर्षभराची मुदत लेखी घेऊन, साडेपाचला मी सहल थांबवली. टीसीएसचे आठ हजार तेवढे माझ्या हातात नव्हते. ते सरकारजमा झालेले असल्याने प्राप्तिकराच्या २६ एएस या नोंदपत्रात दिसतील आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतील, हे बाईंना समजावून सांगावे लागले, कारण करपात्र उत्पन्न नसल्याने त्या एरवी विवरणपत्र भरत नसत.

रजा मंजूर होती, नातवाने पिशवी भरून ठेवली होती, तेव्हा देशात कुठे जाता येईल हा विषय त्याच संध्याकाळी निघाला. देशांतर्गत सहल म्हणजे बिनघोर, असा तेव्हा अनेकांचा समज होता आणि तो बरोबर नव्हता. ताईंना कूर्ग सुचले होते, पण कर्नाटक महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे दोन्ही डोस झाले असले तरी आरटीपीसीआर अहवाल मागत होते. आपल्या राज्यानेही दुसऱ्या राज्यांतून विमानाने येणाऱ्यांसाठी चाचणीची अट त्याच आदेशात घातली होती. राज्याची हद्द ओलांडली की तिथले नियम वेगळे आणि परतताना आपले वेगळे, हा हिशेब देशातही सुटत नव्हता. मी म्हटले, हद्दच ओलांडू नका. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबरला सुरू झाला होता, पण विमानाच्या नियमांत पुन्हा अडकायची कोणाचीच तयारी नव्हती. ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळ आणि पुढे तारकर्ली, असे मी सुचवले.

“एसटी बंद आहे,” काका म्हणाले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. संप सुरू होऊन महिना उलटला होता, आणि आगारात गाड्या उभ्या असताना आपण फिरायला जावे हे त्यांना पटत नव्हते. कुडाळहून खासगी गाडी ठरवावी लागली. एरवी चौघांना एसटीने जेवढे लागले असते त्याच्या कितीतरी पट भाडे एका फेरीला गेले. बाई मात्र तारकर्लीचे नाव ऐकल्यावर एवढेच म्हणाल्या, “ती माणसं ज्या किनाऱ्यावरून गेली, तो तरी बघून येऊ.”

दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, राज्याने आदेश बदलला. केंद्राच्या आरोग्य सचिवांनी राज्याचे नियम केंद्राशी जुळवून घ्या असे पत्र पाठवले होते. सक्तीचे संस्थात्मक विलगीकरण आता फक्त दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे या देशांपुरते राहिले आणि मॉरिशस त्यातून सुटला. तीन तारखेला सकाळी ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण प्रश्न नेमका होता: “एक दिवस थांबलो असतो तर?”

थांबता आले नसते, हॉटेलची मुदत सहाची होती, हे मी सांगितले. केंद्राचा घरी सात दिवस राहण्याचा नियम कायम आहे, हेही सांगितले. तरी त्या प्रश्नाने मला दोन दिवस पोखरले, कारण ज्या कागदावर मी ग्राहकाला निर्णय घ्यायला लावला, त्यावरची सर्वांत जड ओळ अठ्ठेचाळीस तासांत खोटी ठरली होती. मी माझ्या मनाशी हाच विचार करत राहिले की एक तारखेला माझ्यासमोर जे होते, त्यावर मी पुन्हा तेच सांगितले असते का. उत्तर हो असेच येत होते, पण त्याने ताईंचे समाधान झाले असते असे मला वाटत नाही.

चार तारखेला महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण जाहीर झाला, तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतला. आमच्या गावाचे नाव सगळ्या वाहिन्यांवर होते. त्या दिवशी कार्यालयातले सात फोन आरक्षण रद्द करण्यासाठी आले, आणि त्यांतले पाच देशातल्या सहलींचे होते. ताईंचा फोन आला नाही. बाईंचा आला: “आमची कोकणकन्या आहे ना?”

ते दहा तारखेच्या रात्री गेले आणि पंधराला परतले. तारकर्लीच्या ज्या घरगुती निवासात मी त्यांची सोय केली होती, त्या घराच्या पडवीचे छप्पर मे महिन्यातल्या तौक्ते वादळात उडाले होते, आणि मालकांनी नवे पत्रे घालून जेमतेम महिनाभरापूर्वी खोल्या सुरू केल्या होत्या. टाळेबंदी आणि वादळ अशा दोन मोसमांचा तोटा सोसलेल्या त्या माणसाने आगाऊ रक्कम घेतली नाही. “चार दिवस येऊन राहिले तरी पुरे,” असे तो मला फोनवर म्हणाला होता. बाईंनी परत आल्यावर माझ्या टेबलावर मालवणी खाजाची पुडी ठेवली आणि रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढताना नातू दोरीला कसा लटकला होता, ते मला उभ्याने करून दाखवले. मॉरिशसचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने जोखमीच्या देशांची यादीच रद्द केली आणि २७ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने सुरू झाली. हॉटेलकडे जमा असलेली रक्कम ३० नोव्हेंबर २०२२ पर्यंत चालणार होती. ती तारीख मी कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली होती. ताईंना पुन्हा रजा मिळाली नाही. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये बाई आणि काका दोघेच निघाले. तिकिटांचे पाकीट न्यायला ते आले, तेव्हा मी फाइल उघडली. सर्वांत वर तोच रेघ मारलेला कागद होता. बाईंनी तो हातात घेतला, स्वतःच केलेली दुरुस्ती पाहिली आणि ठेवून दिला. मी मोका इथल्या संस्थेचा पत्ता, हॉटेलचे कागद, विमानाच्या वेळा सांगू लागले, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

“ते नंतर. परत येताना काय?”

“सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर अर्ज भरायचा, लसीचं प्रमाणपत्र जोडायचं,” मी म्हटले. “काल रात्री पुन्हा पाहिलंय. निघायच्या आदल्या दिवशी परत पाहीन आणि फोन करीन.”

काकांनी पाकीट पिशवीत घातले, पिशवीची चेन लावली आणि उठले.