पंचमाशेजारची घरघर: माझा पहिला ॲम्प्लिफायर

रियाजाला बसताना मोबाइलवर तंबोरा लावायचा आणि त्याच्याच स्पीकरवर तो ऐकायचा, या सोयीवर मी काही वर्षे काढली, पण मन कधी भरले नाही. माझी पट्टी पांढरी एक, म्हणजे माझा सा हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. त्यामुळे तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा साधारण १३०.८ हर्ट्झवर, पंचमाची तार ९८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज ६५ हर्ट्झवर. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरातून खर्जाचा मूळ स्वर बाहेर पडतच नाही. कानावर येतात ते त्याचे वरचे स्वरांश, आणि उरलेला खर्ज मनाने भरून घ्यावा लागतो. घरात आठ इंची स्पीकर बसवलेले एक जुने लाकडी खोके होते. ते वाजवण्यासाठी ॲम्प्लिफायर विकत न घेता स्वतः बनवायचा, असे मी ठरवले. सोल्डरिंग येत होते, बॅटरीवर चालणारी लहानसहान सर्किटे जोडलेली होती. मात्र २३० व्होल्टवर चालणारी वस्तू मुळापासून कधी उभी केली नव्हती.

ॲम्प्लिफायरसाठी चिप निवडली ती एलएम१८७५. तिला पाचच पिना असतात, बाहेरचे भाग मोजके लागतात, आणि ±२५ व्होल्टवर ती २० वॅट देते, जे माझ्या खोलीला गरजेपेक्षा जास्तच होते. एका शनिवारी डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून सगळे सामान आणले: १८-०-१८ व्होल्टचा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, चिपची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक, झीरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड) आणि किरकोळ भाग. चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, नमुना सर्किट दिलेले आहे, तेच मी जसेच्या तसे घेतले. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे आणणाऱ्या शाखेला, २० किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे गेन २१: आत येणारा सिग्नल एकवीस पट होतो. एकच चॅनेल, कारण तंबोऱ्याला तेवढे पुरते.

जोडणी पूर्ण झाल्यावर थेट प्लगमध्ये घालणार होतो, तेवढ्यात आमच्या इमारतीतले एक काका, ज्यांनी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले आहेत, ते घरी आले होते. त्यांनी आधी विचारले, ‘‘सिरीज बल्ब लावलास का रे?’’ नाही म्हटल्यावर ते स्वतःच्या घरून आपला जुना सिरीज बोर्ड घेऊन आले. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि त्याच्यामागून निघालेला सॉकेट, एवढेच ते उपकरण. यंत्रात शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि स्वतःच करंट अडवून धरतो, त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या वर काही जातच नाही. शॉर्ट नसेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. पुढच्या दोन आठवड्यांत मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो या फळीचा, आणि मेन्सवरचे काहीही पहिल्यांदा जोडणाऱ्याने ती आधी तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी फक्त पॉवर सप्लाय जोडून पाहिला. बल्ब उजळला, मंद झाला, विझला. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही बाजूंना २६ व्होल्टच्या थोडे वर मिळाले. मग ॲम्प्लिफायरचा बोर्ड जोडला आणि बल्ब पेटला तो तसाच राहिला. काकांनी लगेच बटण बंद केले. कपॅसिटर उतरेपर्यंत थांबून मी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला; दोन बिंदू एकमेकांना जोडलेले असले की तो वाजतो. एलएम१८७५ च्या पाठीवरचा धातूचा पत्रा आतून पिन ३ ला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, हे मला माहीत होते आणि म्हणूनच चिप व हीटसिंक यांच्यामध्ये मायकाचा पातळ तुकडा घातला होता. तरीही पिन ३ आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटर वाजत होता. मायका काढून उजेडात धरला, तर तो अखंड होता. मग स्क्रू सैल केला आणि मीटरचा आवाज थांबला. चूक स्क्रूमध्ये होती: मायकाने चिपची पाठ वेगळी राखली होती, पण लोखंडी स्क्रू चिपच्या पत्र्याला टेकून सरळ हीटसिंकमध्ये शिरत होता, हीटसिंक लोखंडी डब्याला कसलेला होता, आणि डबा ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या समाईक बिंदूला, जोडलेला होता. म्हणजे निगेटिव्ह सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये मी स्वतःच्या हाताने पूल बांधला होता. स्क्रूभोवती बसणारा प्लास्टिकचा बुश आणायचाच राहिला होता. तो बसवला, भोकाच्या कडेची धार कानशीने काढली, आणि बल्ब विझला.

त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी व्होल्टेज मोजला. तो शून्याच्या आसपास, फार तर काही मिलिव्होल्ट असायला हवा. माझ्याकडे २४ व्होल्ट होता. तेवढा डीसी आठ ओहमच्या स्पीकरला मिळाला असता, तर त्यातून ३ अँपिअर वाहिले असते आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे त्याच्या आतली तारेची गुंडाळी, काही सेकंदांत जळाली असती. कारण लवकर सापडले. फीडबॅकच्या २० किलोओहमच्या रेझिस्टरचा एक जोड वरून चकचकीत दिसत होता, पण पाय हलवल्यावर सोल्डरच्या थेंबाच्या आत तो गोल फिरत होता. पुन्हा सोल्डर केल्यावर आउटपुटवर ४ मिलिव्होल्ट उरले. मग प्रथम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लोड म्हणून लावून पाहिला, आणि सगळे ठीक वाटल्यावरच स्पीकर.

तंबोरा लागला. खर्ज खोलीत भरला, आणि त्याच क्षणी काहीतरी खटकले. पंचम हलत होता. तार छेडल्यावर स्वर सरळ न राहता सेकंदाला साधारण दोनदा फुगत आणि ओसरत होता, दोन तारा किंचित बेसूर असताना होते तसा. मला वाटले, ॲपमधला पंचमच उतरला आहे. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकला तर तो स्वच्छ होता. मग तंबोरा बंद केला, तेव्हा मागे उरलेली घरघर नीट ऐकू आली. ती पंचमाच्या अगदी शेजारी होती, फक्त किंचित वर.

यातूनच पुढचा मार्ग मिळाला, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पंचम ९८ हर्ट्झवर आणि त्याच्याशी सेकंदाला दोन आंदोलने, तर घरघर १०० हर्ट्झची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा उघड्या इनपुट वायरने पकडलेल्या विजेमुळे आवाज येत असता, तर तो मुख्यतः ५० हर्ट्झचा, म्हणजे पंचमाच्या आसपास नव्हे तर आणखी एक सप्तक खाली ऐकू आला असता. १०० हर्ट्झ रेक्टिफायरच्या पुढे तयार होतात, कारण ब्रिज लाटेच्या दोन्ही अर्ध्यांमध्ये कपॅसिटर भरतो, सेकंदाला शंभर वेळा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहण्यात अर्थ नव्हता. खात्रीसाठी इनपुटची दोन टोके बोर्डावरच एकमेकांना जोडली. घरघर तशीच राहिली. म्हणजे मोबाइल आणि त्याची केबल यांचाही संबंध नव्हता.

येथे मी एक चूक केली, आणि ती चूक तेव्हा मला उपाय वाटली होती. मोबाइलचे आउटपुट मला पुरून उरत होते, म्हणून गेनच कमी करावा असा विचार केला आणि २० किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला. गेन २१ वरून ५.७ वर आला, घरघरही त्याच प्रमाणात खाली गेली, आणि मी समाधानाने रियाजाला बसलो. दहाएक मिनिटांत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, खरखरीत होऊ लागली, नंतर आवाज अचानक गेला आणि थोड्या वेळाने आपोआप परत आला. हीटसिंकला हात लावला तर बोट ठेववेना. आवाज तर मी अगदी लहान ठेवला होता. डब्यात डोकावलो तेव्हा जळका वास आला. आउटपुटपासून ग्राउंडला १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात, त्यातल्या रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे करपून सगळे एकाच तपकिरी रंगाचे झाले होते.

त्या रेझिस्टरने निदान करून दिले. ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यात तो कपॅसिटर जवळजवळ काहीच करंट जाऊ देत नाही, त्यामुळे रेझिस्टर थंड राहायला हवा. तो करपतो, याचा अर्थ आउटपुटवर आपल्या कानाच्या फार पलीकडची, अतिशय उच्च कंपनसंख्येची लाट जोरात चालू आहे. ॲम्प्लिफायर स्वतःच आंदोलित झाला आहे. डेटाशीट पुन्हा उघडले. गेन १० किंवा त्याहून जास्त असतानाच ही चिप स्थिर राहते, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते पहिल्यांदाही वाचले होते, पण तेव्हा गेन २१ होता आणि वाक्य माझ्या कामाचे वाटले नव्हते. आवाज जाऊन परत येणे हे चिपच्या आतल्या तापमान-संरक्षणाचे काम होते, आणि त्यामुळेच ती वाचली. पुन्हा २० किलोओहम लावला, करपलेला रेझिस्टर बदलला, आणि सप्लायवरचे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, जे मी सोयीसाठी बोर्डाच्या कडेला बसवले होते, ते चिपच्या पिनांना अगदी लागून आणले. तासभर चालू ठेवूनही हीटसिंक फक्त कोमट राहिला. घरघर अर्थातच परत आली.

आता तिच्या मुळाशी जाणे भाग होते. मिलिव्होल्ट नीट दाखवणारा मल्टिमीटर एका मित्राकडून आणला आणि ज्या ज्या बिंदूंना मी कागदावर ‘ग्राउंड’ असे एकच नाव दिले होते, त्यांच्यामधला एसी व्होल्टेज मोजत गेलो. तार्किकदृष्ट्या सगळीकडे शून्य यायला हवे. इनपुटचा ग्राउंड मी पॉझिटिव्ह बाजूच्या मोठ्या कपॅसिटरच्या ग्राउंडकडच्या पायाला जोडला होता, कारण तो जवळ होता. फीडबॅकच्या शाखेचा ग्राउंड निगेटिव्ह बाजूच्या कपॅसिटरच्या ग्राउंडकडच्या पायाला, कारण तो तिकडून जवळ होता. त्या दोन पायांना जोडणारी वायर जेमतेम बोटाएवढी लांब आणि बारीक होती. तिच्या दोन टोकांमध्ये मीटर २ मिलिव्होल्ट दाखवत होता. स्पीकरच्या टोकांवर ४२ मिलिव्होल्ट होते. दोनाला एकवीसने गुणले की बेचाळीस.

कपॅसिटर भरताना करंट सलग वाहत नाही. लाटेच्या माथ्यावर थोडा वेळ जोराचा झोत येतो आणि थांबतो. दोन्ही कपॅसिटर एकाच वेळी भरत असल्यामुळे तो झोत बहुतांशी त्यांच्यामधल्या नेमक्या त्याच वायरमधून जातो. वायरचा रोध ओहमचा काही शतांश भाग असला, तरी झोतामुळे तिच्यावर काही मिलिव्होल्ट उभे राहतात. चिप मात्र दोन इनपुटांमधला फरक वाढवते, आणि मी एका इनपुटचा ग्राउंड वायरच्या या टोकाला व दुसऱ्याचा त्या टोकाला बांधून तो फरक तिच्या हाती दिला होता. चिपने तो इमानाने एकवीस पट केला.

दुरुस्तीला एक रविवार लागला. दोन कपॅसिटरांचे ते पाय घराच्या वायरिंगच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडले आणि ट्रान्सफॉर्मरची मधली वायर त्याच तारेवर आणली. तिच्या मध्यापासून एक वेगळी वायर काढून डब्यातल्या एका स्क्रूवर नेली, जो डब्यापासून वेगळा ठेवलेला होता. स्पीकरची परतीची वायर सरळ त्या स्क्रूवर. सप्लायचे छोटे कपॅसिटर आणि ती १ ओहमची शाखा यांचा ग्राउंड वेगळ्या वायरने तिथेच. इनपुट आणि फीडबॅक यांचे ग्राउंड मात्र बोर्डावर आधी एकमेकांना जोडले आणि मग त्या दोघांची मिळून एकच वायर स्क्रूवर आणली, म्हणजे त्यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाचाही करंट वाहणार नाही. लोखंडी डबा मेन्सच्या अर्थिंगला पक्का बांधला, आणि तो स्क्रू व डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर ठेवला. अर्थिंगची वायर काढून घरघर घालवायचा सल्ला सर्रास दिला जातो; तो कधीही मानू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्शुलेशन गेले तर डब्याला हात लावणाऱ्याला वाचवणारी तीच एक वायर असते.

पुन्हा सिरीज बल्ब, पुन्हा डीसीची मोजणी, मग स्पीकर. आउटपुटवर आता १ मिलिव्होल्टच्या आत होते. स्पीकरच्या कागदाला कान लावला तर बारीकशी सळसळ, घरघर नाही. मोबाइल चार्जरला लावला असताना एक वेगळीच बारीक शीळ येते, ती चार्जर काढला की जाते. रियाजाच्या वेळी मोबाइल बॅटरीवरच ठेवतो.

काकांना बोलावून आणले. त्यांनी आधी हीटसिंकवर तळहात ठेवला, तो तसाच ठेवून मिनिटभर थांबले, आणि मगच खुर्चीवर बसले. मी तंबोरा सुरू केला. पंचम छेडला गेला आणि सरळ उभा राहिला, मागून जोडीच्या तारा आल्या, आणि शेवटी खर्ज आला तेव्हा काकांनी ठेवलेले स्टीलचे पाण्याचे भांडे टेबलावर हलकेच थरथरले.