टेकून बस ना

कालपासून डोक्यात एकच चाललंय, लेक खुर्चीच्या टोकावर बसला होता. बेसबॉलची मॅच संपल्यावर तासाभरासाठी हॉटेलच्या रूमवर आला, मी घरून फॉइलमध्ये थालीपीठं नेलेली, आणि हा पाठ ताठ, अर्ध्या मांड्या हवेत, मागची अख्खी खुर्ची रिकामी. नजर ताटात. म्हटलं अरे टेकून बस ना. "सवय झालीये गं." एवढंच. त्याच्या मिलिटरी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मेसमध्ये तसंच बसावं लागतं हे ऑगस्टपासून ऐकतेय, पण हॉटेलात कोण बघतंय?

याच्या बाबाने चॅनल बदललं. त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

बरं, हट्ट याचाच. साध्या कॉलेजची पण ऑफर होती, घरापासून दोन तासांवर. पण नाही, "आई, सिटाडेल 1990 ला ओमाहाला गेलं होतं, मिलिटरी कॉलेज असून!" ओमाहाला बेसबॉलची कॉलेज वर्ल्ड सिरीज होते, म्हणजे शेवटच्या आठ टीम्स, हे मला तेव्हा कळलं. आता पहाटे फॉर्मेशन, म्हणजे रांगेत हजेरी, मग क्लासेस, दुपारी प्रॅक्टिस, रात्री अभ्यास आणि बूट पॉलिश, त्यात सीझनला पन्नासच्या वर मॅचेस. आणि प्रवासामुळे परेड चुकली की बाकीची पोरं टोमणे मारतात, ते तर जाऊच दे.

काल आठव्या इनिंगला कॅचरच्या जागी फक्त पळायला पाठवलं त्याला. त्याआधी अडीच तास डगआउटच्या, म्हणजे टीम बसते त्या जागेच्या, कठड्यावर लोंबकळत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत होता, घरी असता तर धपाटा खाल्ला असता. मग सेकंड बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तोवर धावत गाठला, पोटावर घसरत, छातीभर लाल माती, उठला आणि कमरेवर हात ठेवून असा ढिल्ला उभा राहिला की मला रडूच आलं. एरवी बेल्टच्या बकलवर बोटाचा ठसा चालत नाही. मग टोकावर बसणारा तो कोण होता?

सकाळी किचनमध्ये मी तसं बसून चहा प्यायला बघितला. पाच मिनिटांत कंबर गेली. आणि मग हसूच आलं, कारण दहा वर्षं जेवताना "पोक काढू नको, ताठ बस" कोण ओरडत होतं? मीच की. डोंबिवलीत माझी आई मला हेच सांगायची, पाठीत बुक्का घालून.

आत्ता फोन आला, शनिवारी डबलहेडर आहे, एकाच दिवशी दोन मॅचेस, थालीपीठं डबल आण, रूममेटलाही हवीत. म्हटलं नीट बसून खाणार असाल तर आणते.

"बसूनच खातो गं," म्हणाला.